भायखळ्यात तिला खोली द्या

प्रति,
माननीय आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
माननीय सहायक आयुक्त, ई विभाग, भायखळा,
माननीय उपाध्यक्ष, म्हाडा,
आणि माननीय सचिव, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन



नर्सिंगचे, पदवीचे निकाल लागले की माझा फोन वाजू लागतो. चिपळूणहून, कराडहून, लातूरहून. कोणाची भाची असते, कोणाची नणंद, कधी ती मुलगी स्वतःच बोलते. प्रश्न ठरलेला: "ताई, मुंबई बरी की पुणं? की सरळ बंगळूरलाच जाऊ?" मी भायखळ्यात राहते, परिचारिका म्हणून सगळी नोकरी याच भागातल्या रुग्णालयांत केली, त्यामुळे मला हे ठाऊक असणार असे लोक धरून चालतात. मी फार विचार न करता सांगते, मुंबई. मग पुढचा प्रश्न येतो, "राहायचं कुठे?" तिथे माझी गाडी अडते. हे पत्र त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे, कारण त्याचे उत्तर तुमच्या हातात आहे.

बायकांसाठी चांगली शहरे कोणती, याच्या याद्या हल्ली निघतात. चेन्नईच्या 'अवतार' संस्थेच्या २०२४ च्या यादीत १२० शहरे होती. बंगळूर पहिले, चेन्नई दुसरे, मुंबई तिसरी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'नारी' अहवालासाठी ३१ शहरांतल्या १२,७७० स्त्रियांना सुरक्षिततेबद्दल विचारले होते. त्यातही कोहिमा, विशाखापट्टणम, भुवनेश्वर यांच्या पंक्तीला मुंबई बसली. मला याचे नवल वाटत नाही. रात्री साडेदहाला भायखळा स्थानकावर उतरा. महिलांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, पुलावर वर्दळ असते, बाहेर पडले की फळांची गाडी, अंडापाववाला, उघडे औषधांचे दुकान. घरी पोहोचेपर्यंत बाई एकटी अशी पडतच नाही. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेवरही आली. या शहराने कामावर जाणाऱ्या बाईची वेळ ओळखली, तिला गाडी दिली. २०१७ मध्ये माटुंगा स्थानक पूर्णपणे स्त्री कर्मचाऱ्यांच्या हाती दिले. हे सारे खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. (रात्रीचा रस्ता सुरक्षित राहतो त्यात मोठा वाटा गाडीवाल्यांचा आहे. त्यांना हटवण्याआधी त्या रस्त्याने घरी जाणाऱ्या बायकांना एकदा विचारत चला.)

पण अशा पाहणीत एक बाई कधीच सापडत नाही. जिला नोकरी मिळाली होती, पण खोली मिळाली नाही म्हणून जी आलीच नाही, किंवा सहा महिन्यांत परत गेली, ती. तिच्या घरी लोक म्हणतात, "मुंबई झेपली नाही तिला." तिला मुंबई झेपली होती. मुंबईने तिला ठेवून घेतले नाही.

एकट्या माणसाला ठेवून कसे घ्यायचे, हे या शहराला चांगले माहीत आहे. शंभर-सव्वाशे वर्षे मुंबईने तेच केले, फक्त पुरुषांसाठी. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग, परळ, भायखळ्यात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत पंचवीस-तीस गावकरी. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीला एक खुंटी. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा. धोबीतलावपासून माझगावपर्यंत गोव्याच्या खलाशांचे कूड, म्हणजे राहायच्या सामायिक खोल्या होत्या, गावागावांच्या. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) नेमला आणि त्यातून बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडीच्या, २०७ इमारती झाल्या. तालुक्यातून आलेला पोरगा दादरला उतरला की कोणाकडे जायचे हे त्याला ठाऊक असे. जेवायला खानावळ होती, आणि ती खानावळ चालवणारी बहुतेक वेळा गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा असे. त्या बायकांनी पुरुषांचे एक अख्खे शहर जेवू घातले. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. याच मंडळाने पुढे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह उभे केले, पण ते वाशीला. गिरणगावात नाही.

बायका तेव्हा नोकरी करत नव्हत्या असे कोणी म्हणू नये. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग खाती त्यांचीच. १९२८ मध्ये बाळंतपणाच्या पगारी रजेचे विधेयक मुंबई कायदे मंडळात आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली, आणि या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा असे सांगितले. १९२९ मध्ये कायदा झाला, पण खर्च मालकावर पडला. पुढच्या वीस-तीस वर्षांत गिरण्यांतल्या बायका झपाट्याने कमी झाल्या. एकच कारण नव्हते. यंत्रे बदलली, गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या आणि बाईला रात्रपाळी कायद्याने बंद होती. तरी बाबासाहेबांचे म्हणणे मला आजही तंतोतंत लागू वाटते. बाईच्या नोकरीचा खर्च एकट्या मालकाच्या अंगावर टाकला की मालक बाईच घेत नाही. २०१७ मध्ये प्रसूतीची रजा २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झाले. चांगलेच झाले. पण भायखळ्यातल्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये किंवा मदनपुऱ्यातल्या शिवणकामाच्या कारखान्यात पन्नास माणसे नसतात. तिथल्या बाईचे मूल कोण सांभाळणार? ते पालिकेनेच करायला हवे, आणि खोलीचेही तसेच आहे.

त्याच २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने महाराष्ट्रात बाईला तिच्या संमतीने, संरक्षणाची आणि वाहनाची सोय असेल तर रात्री साडेनऊनंतर काम करायची मुभा दिली. म्हणजे कायद्याने रात्र उघडली. राहत्या खोलीचे दार मात्र अजून दहाला बंद होते.

भायखळा पश्चिमेला, जुन्या पागडीच्या इमारतीतली अशी एक खोली मी जवळून पाहिली आहे. दहा बाय पंधराची असेल. भिंतींना लागून तीन दुमजली लोखंडी खाटा, म्हणजे सहा जणी. सहा बादल्या, ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका, एक लाल, एक मोरपंखी, एक चंदेरी. दाराच्या आतल्या बाजूला वहीचा कागद चिकटवलेला. त्यावर सहा जणींच्या ड्यूट्या, कोण सकाळी, कोण रात्री, म्हणजे कोणी झोपलेली असताना दिवा किंवा मिक्सर लावायचा नाही. दोघी परिचारिका, एक पॅथॉलॉजी लॅबमध्ये, एक कपड्यांच्या दुकानात, एक कॉल सेंटरला, आणि एक अर्धा दिवस नोकरी करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. सगळ्या कॉट बेसिसवर. करारावर एकीचेही नाव नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पत्ता नाही म्हणून गॅसची जोडणी नाही, मतदारयादीत नाव नाही. या शहराचे आजारी त्या सांभाळतात आणि या शहराच्या कागदावर त्या कुठेच नाहीत. पगारातला निम्मा पैसा त्या खाटेत जातो.

त्यांतल्या एका परिचारिकेची ईव्हिनिंग ड्यूटी. रात्रीच्या सिस्टरला हँडओव्हर देताना एका रुग्णाची तब्येत बिघडली, आणि असे रोज कुठे ना कुठे होतेच. ती इमारतीखाली पोहोचली तेव्हा सव्वादहा झाले होते. मालकांनी दार उघडले नाही. ती परत वॉर्डात गेली, चेंजिंग रूममधल्या बाकावर पडून राहिली आणि सकाळी तशीच कामाला उभी राहिली. मालक दुष्ट आहेत असे मी म्हणणार नाही. इमारतीतले लोक त्यांना बोलतात, "पोरी रात्री-बेरात्री येतात." एकट्या मुलीला जागा दिली की मालकाला वाटते, आपण तिच्या बापाची जबाबदारी घेतली. जागा भाड्याने देणे हा व्यवहार आहे आणि तो व्यवहारासारखाच व्हावा, यासाठी बाजारात पालिकेची, म्हाडाची स्वतःची चार दारे उघडी पाहिजेत.

आणि ही झाली विशी-पंचविशीच्या मुलींची गोष्ट. पदरी मूल असलेली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई जागा बघायला गेली की तिला आधी विचारतात, "मिस्टर कुठे असतात?" मग नाव विचारतात, आडनाव विचारतात. भायखळ्यात मराठी, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू सगळे पिढ्यान्पिढ्या शेजारी राहिले. तरी एकट्या बाईच्या वेळी ज्याला त्याला आपल्यातलीच हवी असते. लग्न न केलेली पंचेचाळीस वर्षांची लेखनिक असेल तर तिला वसतिगृहही नको म्हणते, वय जास्त झाले म्हणून.

सरकारकडे योजना नाही असे नाही. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासून आहे. आता तिला 'सखी निवास' म्हणतात. तिचे नियम मला मनापासून आवडतात. महानगरात महिना पन्नास हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला जागा मिळू शकते आणि भाडे तिच्या पगारावर ठरते: स्वतंत्र खोलीला पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत, दोघींच्या खोलीला १० टक्के, मोठ्या खोलीत खाट असेल तर साडेसात टक्के. वीस हजार कमावणाऱ्या मुलीला दोघींच्या खोलीत दोन हजार रुपये पडतील. सोबत पाळणाघर, आणि आईबरोबर मूलही राहू शकते. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशी वसतिगृहे उभारण्याचे पुन्हा सांगितले गेले. एकाच अटीवर माझा आक्षेप आहे. साधारण तीन वर्षे राहता येते, फार तर पाच. या अटीमागे एक समज दिसतो, की बाई नोकरी करते ती लग्न होईपर्यंत. तो समज काढून टाका. तिची नोकरी आहे तोवर तिची खोली, असा नियम करा.

राज्याच्या 'लाडकी बहीण' योजनेत बायकांना जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये मिळू लागले. त्या पैशाला मी कमी लेखत नाही. त्यातून औषधे आली, मुलांची फी भरली गेली, हे मी पाहिले आहे. पण त्या पैशात भायखळ्यात खाट मिळत नाही. खाट उभी करणे हे एका बाईच्या हातचे काम नाही, ते शहराने करायचे असते. तमिळनाडूने त्यासाठी स्वतंत्र सरकारी महामंडळच काढले आणि 'तोळी', म्हणजे मैत्रीण, या नावाने वसतिगृहे बांधली. ती कामाच्या जागांजवळ आहेत. 'अवतार'च्या यादीत चेन्नई वर का राहते, याचे एक कारण तिथे शोधावे. व्हिएन्नाने १९९० च्या दशकात एक अख्खी वसाहत स्त्री वास्तुरचनाकारांकडून आखून घेतली. त्यांनी आधी बायकांचा दिवस मोजला, कोण कधी मुलाला सोडते, कधी बाजारात जाते, आणि मग इमारतीच्या आवारातच बालवाडी, दवाखाना, प्रत्येक मजल्यावर बाळाची गाडी ठेवायला जागा, उजेडाचे जिने असे बांधले. त्यात न परवडण्यासारखे काही नव्हते. बांधण्याआधी त्यांनी विचारले, एवढेच.

आता जागेचे. "दक्षिण मुंबईत जमीन कुठे आहे?" हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. २०१८ मध्ये लागू झालेल्या पालिकेच्याच विकास आराखड्यात नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास असे स्वतंत्र आरक्षण आहे. स्त्री संघटनांनी आराखड्याच्या वेळी बैठकांमागून बैठका करून ते मिळवले. आग्रीपाडा, माझगावची ताडवाडी इथल्या बीआयटी चाळी १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला तेव्हापासून पालिकेच्याच मालकीच्या आहेत, आणि आज ना उद्या त्यांचा पुनर्विकास होणार आहे. ई विभागात जुन्या उपकरप्राप्त इमारतींची रांग लागली आहे. त्यांच्या पुनर्विकासातून म्हाडाकडे वाढीव गाळे येतात. गिरण्यांच्या जमिनींचे तीन वाटे (मालक, पालिका, म्हाडा) १९९१ च्या नियमाने ठरले होते, २००१ च्या बदलाने त्यांतला शहराचा वाटा आकसला, हे सगळ्यांना माहीत आहे. जे उरले ते तरी जपा. आजच्या रहिवाशांचे एक इंचही कमी करू नका, गिरणी कामगारांचे घर आधी द्या. त्यानंतर पालिकेच्या किंवा म्हाडाच्या वाट्याला जे येईल, त्यातले दोन मजले विकू नका. ते भाड्याने ठेवा, नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी. जेजे, नायर, मसीना, केईएम ही रुग्णालये इथून जवळ आहेत. रात्री अकराला सुटलेली परिचारिका चालत किंवा एका बसने घरी जाईल आणि बदलापूरपर्यंत उभी राहून जाणार नाही.

वसतिगृह म्हणजे फाटक आणि पहारेकरी, असे समजू नका. जून २०२३ मध्ये चर्नी रोडजवळच्या सरकारी वसतिगृहात एका कोवळ्या वयाच्या विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला, आणि संशयित तिथेच काम करणारा माणूस होता. फाटकही होते आणि पहाराही होता. बाईला सुरक्षित ठेवतात ते माणसांनी भरलेले मजले, स्त्री अधीक्षक, आतून नीट लागणारी कडी आणि ज्या दिवशी तक्रार केली त्याच दिवशी ऐकणारे कोणीतरी. दहाच्या टोल्याला दार लावून यातले काहीच मिळत नाही. तुमच्या वसतिगृहाचे दार चोवीस तास उघडे राहू द्या, दाराशी जागी बाई नेमा, आणि व्यवस्थापनात तिथे राहणाऱ्या स्त्रियांना घ्या.

खोलीबाहेरचेही थोडे. भाजी मंडईत पहाटे येणाऱ्या बाईला उजाडेपर्यंत उघडे स्वच्छतागृह मिळत नाही. ती पाणी पीत नाही, आणि मग मूत्रमार्गाच्या संसर्गाने आमच्याकडे भरती होते. वॉर्डात अशा किती बायका पाहिल्या याची गणती नाही. २०११ मध्ये कोरो आणि इतर संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम याच शहरात सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट, बाईला पैसे, हे त्यांनी जगाला दाखवले. स्थानक, मंडई आणि रुग्णालयांजवळची स्वच्छतागृहे रात्रभर, विनामूल्य, पाण्यासह चालू ठेवा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचावरून दहा रुपये झाले, तेव्हा ती सवलत बेस्टलाही लावा. राणीच्या बागेत संध्याकाळी एखादी बाई काही काम नसताना तासभर बसली तर तिला कोणी हटकू नये. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरच्या २०११ च्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात हेच मांडले आहे, की बाईला रस्त्यावर असायला कारण का लागावे.

मागणे थोडके आहे. ई विभागात नोकरदार महिलांच्या निवासासाठी आराखड्यात कोणते भूखंड आरक्षित आहेत, त्यांचे सिटी सर्व्हे क्रमांक काय, कोणता ताब्यात आला, कोणता अडला आणि कशामुळे, याची यादी मराठीत विभाग कार्यालयाच्या दर्शनी फलकावर लावा. म्हाडाने आपल्या वाढीव गाळ्यांची तशीच यादी त्याशेजारी लावावी. महिला व बालविकास विभागाने त्यांतली एक जागा निवडून 'सखी निवास'चा प्रस्ताव पाठवावा आणि पाठवल्याची तारीख कळवावी. पालिकेच्या २२७ प्रभागांतले निम्मे महिलांसाठी राखीव आहेत. या विभागातल्या लोकप्रतिनिधी स्त्रियांनी सभागृहात दर तीन महिन्यांनी त्या यादीचा हिशेब मागावा. यादी लावायला निविदा लागत नाही, निधी लागत नाही. येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही काही जणी, त्यात त्या खोलीतल्या सुट्टी मिळेल त्या मुलीही असतील, विभाग कार्यालयात येऊ. यादी लागली असेल तर उतरवून घेऊ. नसेल तर माहितीच्या अधिकाराखालचा अर्ज सोबत आणलेला असेल, तो तिथेच देऊ आणि पोच घेऊ.

आपली विश्वासू,
भायखळ्याची एक रहिवासी, निवृत्त परिचारिका